बोळातली पिवळी नळी

गॅसवाला पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू सोयरीक घेऊन आला आहे. मी ओळखपत्र काढून घेतलं, उलटसुलट पाहिलं, फोटोतल्या नाकाशी त्याचं नाक जुळवलं. कार्डावरचा नंबर न लावता कंपनीचा नंबर वेगळा शोधला आणि त्याच्यासमोरच फोन केला. माणूस खरा निघाला. पण माणूस खरा म्हणून त्याचा मालही खरा, असं मानायला मी काही पगारावर वाढलेला नाही.

माझा धंदा बारदानाचा. मार्केट यार्डात कांदा, बटाटा, गूळ, मिरची उतरते, माल विकला जातो आणि पोतं मागे राहतं. ती रिकामी पोती मी घेतो, झाडतो, शिवून घेतो, पुन्हा विकतो. पोत्यांचा गठ्ठा विकायला आणणारा माणूस वर चांगली पोती ठेवतो, तळाला चांगली ठेवतो आणि फाटकी मध्ये दडवतो. म्हणून मी वरचं पोतं कधी पाहत नाही. गठ्ठ्याच्या मध्यात हात घालतो, एक ओढून काढतो आणि उजेडाला धरतो. घर बांधताना वाळूचा ढीगही मी मधूनच उकरून पाहिला. गवंडी माझ्यामागे मला काय म्हणत, ते मला ठाऊक आहे.

यार्डाची दुसरी सवय अशी, की ज्याचा माल त्याला भाव सगळ्यांत शेवटी विचारायचा. आधी शेजारच्या गाळ्यावर विचारायचं, मग हमालाला, मग चहाच्या टपरीवर. मालकापुढे जायचं ते सगळं कळल्यावर, आणि काहीच कळलेलं नाही असा चेहरा करून. या दोन सवयींवर मी कात्रजच्या बाजूला गल्लीत प्लॉट घेतला आणि घर बांधलं. कुणाच्या बापाचं काही नव्हतं त्यात. माझ्या बापाचंही नव्हतं.

घर बांधलं ते आक्कासाठी. आक्का माझी मोठी बहीण. आमचे आईवडील वऱ्हाडातून पुण्याला आले आणि पुण्यात फार काळ टिकले नाहीत. मला आक्कानंच वाढवलं. गुलटेकडीच्या वस्तीतल्या एका खोलीत बसून ती दाभण आणि सुतळीनं फाटकी पोती शिवायची, मी ती डोक्यावरून यार्डात न्यायचो. माझा धंदा सुरू झाला तो तिच्या बोटांवर. इतकी वर्षं पुण्यात राहून तिची बोली मात्र वऱ्हाडीच राहिली.

त्याच वस्तीत शेजारच्या खोलीत एकदा सिलिंडरनं पेट घेतला. माणसं वाचली. आमच्या खोलीत शिवून ठेवलेली पोती मात्र गेली, आणि ती बाहेर ओढताना आक्काचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून तिनं घरात लाल टाकी येऊ दिली नाही. आधी रॉकेलचा स्टोव्ह, रॉकेल मिळेनासं झाल्यावर विजेची शेगडी. भाकरी तिच्यावर धड फुगत नाही, म्हणून ती रोज शेगडीला शिव्या देत आली, पण टाकी नाही म्हणजे नाही. माझ्या लग्नानंतर मी वेगळी खोली घेतली, तिथं टाकी होती, तर ती जेवायला यायची आणि झोपायला परत जायची.

नवं घर झालं, बुद्धवंदना झाली, विजेच्या शेगडीवर खीर झाली. आक्का पाहुण्यासारखी सगळ्या खोल्यांतून फिरली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "ओटा चांगला हाये. पण मले इथं भाकरी जाळावर पाह्यजे, अन् टाकी नको. दोन्ही जमत असंल तं येतो मी."

दोन्ही जमायचं म्हणजे नळीचा गॅस. यार्डाजवळच्या एका इमारतीत तिच्या ओळखीच्या बाईकडे तो आलेला तिनं पाहिला होता. ओट्याखाली टाकी नाही, घरात कुठंच नाही, आणि शेगडीवर निळा जाळ. ते तिला पटलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत, मोठ्या रस्त्याला, गॅसची मुख्य नळी आलेली होती. तिथून गल्लीत यायची होती. आणि गल्लीत शिरलं की माझ्या घराआधी समोर येतं ते साहेबांचं घर.

साहेब म्हणजे माझे शेजारी. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, दोन माणसांचं घर, मुलगा आयटीत, हिंजवडीकडे राहतो, रविवारी येतो. मी त्यांना साहेब म्हणतो ते आदरानं नाही. ते मला 'बारदानवाले' म्हणतात, तेही कौतुकानं नसावं. त्यांच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मधे एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाकडच्या माझ्या भिंतीवरूनच आमचं सगळं बिनसलं.

भिंत जोत्याच्या वर आली होती तेव्हा पालिकेचे लोक आले आणि काम थांबवून गेले. कुणीतरी तक्रार केली होती, की माझी भिंत हद्दीच्या बाहेर बोळात आली आहे. तक्रार मोबाईलमधल्या ॲपवरून झाली होती, एवढंच मला तिथल्या माणसानं सांगितलं. नाव सांगितलं नाही. काम अख्खा पावसाळा बंद राहिलं. सळया गंजल्या, सिमेंट गोठलं, मजूर दुसऱ्या कामावर गेले ते परत आलेच नाहीत. मोजणी झाली तेव्हा भिंत माझ्याच हद्दीत निघाली. पण त्या पावसाळ्यात आक्का वस्तीतल्या ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचा गुडघा कायमचा गेला. काम वेळेत झालं असतं तर ती तेव्हा माझ्या घरात, तळमजल्यावर असती. हे मी कधी विसरलो नाही. विसरायचा विचारही नाही.

तक्रार कुणाची, हे मी शोधलं. गल्लीतल्या प्रत्येक घरी गेलो, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, पालिकेतल्या शिपायाला चहा पाजला. कुणी सांगितलं नाही, पण प्रत्येकानं बोलताना डोळे साहेबांच्या घराकडे वळवले. साहेबांना मी स्वतः टेप घेऊन बोळात वाकलेलं पाहिलं होतं. मला पुरावा एवढा पुरेसा होता. घरभरणीची खीर मी तरी त्यांच्याकडे पाठवली, कारण आक्का म्हणाली पाठव. वाटी घासून पुसून परत आली. रिकामी. साखरेचा दाणासुद्धा तिच्यात नव्हता. आमच्यात बोलणं नव्हतं ते तेव्हापासून पक्कं झालं.

तर, गॅसवाला. तो ठेकेदाराचा सुपरवायझर होता, वयानं माझ्या मुलाएवढा, बोलण्यात निम्मं इंग्रजी आणि उरलेल्यात थोडं हिंदी. त्यानं सांगितलं ते असं: गल्लीतला काँक्रीटचा रस्ता सगळ्या घरमालकांनी मिळून केलेला आहे, तो पालिकेचा नाही. तेव्हा खोदायचा तर प्रत्येकाची लेखी संमती लागेल. बाकीच्यांनी दिली आहे, दोन घरं राहिली आहेत, साहेबांचं आणि माझं. साहेबांच्या फाटकासमोरून चर खोदावा लागेल, म्हणून त्यांची संमती सगळ्यांत महत्त्वाची. मी हसलो. म्हटलं, ती तुम्हाला मिळणार नाही, तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघा.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांची संमती घेऊन आला.

मी तो कागद खिडकीशी नेऊन वाचला. सही साहेबांचीच, ठसठशीत, सरकारी. त्यांना एका शब्दानंही समजवावं लागलं नव्हतं, सुपरवायझर सांगत होता. काका म्हणाले कुठे सही करायची, आणि केली. तो खुशीत होता. माझ्या मात्र डोक्यात मुंग्या चालायला लागल्या. यार्डात मागितल्या भावाला जो माणूस पहिल्या शब्दात हो म्हणतो, त्याचा गठ्ठा मी विकत घेत नाही. ज्या माणसानं माझं घर अडवलं तो माझा गॅस आपल्या फाटकासमोरून सुखासुखी जाऊ देतो? काहीतरी मध्ये होतं.

मी सुपरवायझरला म्हटलं, माझी सही कशावर हवी आहे तो कागद दाखव. त्यानं टॅब पुढे केला आणि बोटानं भराभर खाली सरकवत नेला, इथे सर, इथे फक्त ओके करायचं. मी टॅब त्याच्या हातातून घेतला आणि उलटा वर सरकवत गेलो. वर काही नव्हतं, शेवटी काही नव्हतं. मध्ये नकाशा होता.

नळी मोठ्या रस्त्यावरून गल्लीत येत होती, साहेबांच्या फाटकासमोरून जमिनीखालून जात होती, माझ्या घराच्या कोपऱ्याशी वर निघत होती आणि मग बोळात शिरून माझ्या भिंतीवरून मागपर्यंत जात होती. तिथं तिचे दोन फाटे होते. एक माझ्या स्वयंपाकघरात. दुसरा बोळ ओलांडून साहेबांच्या स्वयंपाकघरात.

साहेबांचा गॅस माझ्या भिंतीवरून. मी सुपरवायझरला विचारलं, त्यांची नळी त्यांच्या भिंतीवरून का जात नाही? त्यानं मला बोळात नेऊन दाखवलं. साहेबांच्या भिंतीवर विजेचा मीटर, वायरींचा जुडगा आणि मोरीचे पाइप. विजेच्या इतक्या जवळून गॅसची नळी नेता येत नाही, नियम आहे. माझी भिंत कोरी होती. कोरी असणारच. पावसाळाभर पालिकेनं तिच्यावर कुणाला हात लावू दिला नव्हता.

एवढं सगळं असून त्यानं आधी बोलायला नको का? मी त्याला तिथंच झापलं. तो म्हणाला, सर, तुम्ही विचारलं नाही. मग टेन्शन नका घेऊ म्हणाला. मी म्हटलं, टेन्शन आता तुम्ही घ्या. रस्ता खोदायला माझी हो आहे. भिंतीला नाही.

सुपरवायझर दोन घरांच्या मधे अडकला. कंपनी एकट्या माझ्यासाठी नळी आणायला तयार नव्हती, बोळातलं काम एकदम व्हायला हवं होतं. तो साहेबांकडे गेला, परत आला. काका विचारतायत, भिंतीला काय हरकत आहे. मी सांगितलं, हरकत काय ते त्यांना चांगलं माहीत आहे. तो पुन्हा गेला. परत येऊन म्हणाला, काका म्हणतात त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, मग त्यांना म्हणावं टेप घेऊन या, मोजून बघा.

माझा हिशेब साधा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाची गरज माझ्या हातात आली होती. त्यानं स्वतः यावं, माझ्या तोंडावर सांगावं, की तक्रार मी केली होती. बस. मला माफी नको होती. माफी फुकट मिळते. मला त्याच्या तोंडून ते एक वाक्य हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत भिंत कोरी राहणार होती. कोण आधी बोलतो ते पाहायचं, एवढाच खेळ. असले खेळ मी आजवर हरलेलो नाही.

पण याच खेळात एक तिसरं माणूस होतं, आणि ते माझ्या बाजूचं होतं.

आक्काची वस्ती पुनर्विकासात गेली होती. खोल्या रिकाम्या करायची नोटीस लागली, शेजारपाजारचे जायला लागले. आक्कानं मला काही मागितलं नाही. तिनं फक्त अकोल्याकडे लांबच्या नात्यातल्या भाचीला फोन केला आणि भाची म्हणाली ये, इथं चुलीवर भाकरी आहे. मला हे बायकोकडून कळलं. आक्का एकदा तिकडे गेली की गुडघा घेऊन परत पुण्याला येणार नाही, हे मला न सांगता समजत होतं. आणि सुपरवायझरनं निरोप धाडला, की त्याची माणसं आता दुसऱ्या भागात जाणार. आत्ता काम झालं तर झालं, नाहीतर पावसाळ्यानंतर.

पुन्हा पावसाळाच. बायको म्हणाली, घाला सही. मी म्हटलं, सही घालणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा जिंकू देणं. तिनं ताट आपटलं नाही, पण हळू ठेवलंही नाही.

मी आक्काला समजवायला गेलो. म्हटलं, थोडं थांब, मी त्याच्याकडून वदवून घेतो. आक्का भांडी पोत्यात भरत होती. तोंड शिवून ठेवत होती, सुतळीनं, सवयीनं.

"तू गुडघा माह्या नावानं घेऊन बसला," ती म्हणाली. "गुडघा माहा हाये. मी तं त्याले काही विचारत नाही."

मी म्हटलं, तुला नाही राग येत?

"येते ना. पण मले भाकरीही लागते."

मी खाली उतरलो, गाडी काढली, स्वारगेटच्या चौकात सिग्नलला उभा राहिलो आणि तो किती वेळा हिरवा झाला ते मला कळलं नाही. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या आईचा उद्धार केला तेव्हा निघालो.

घरी पोचलो तर साहेब बोळाच्या तोंडाशी उभे होते. हातात कागद, खिशाला पेन, पायांत घरातल्या सपाता. इतक्या जवळून मी त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. म्हातारे झाले होते. पण आवाज तोच, फाइलवर शेरा मारल्यासारखा.

"बारदानवाले, आपली भिंत फार मौल्यवान आहे असं कळलं."

मी म्हटलं, आहेच. अख्खा पावसाळा लागला तिला.

"मुद्द्याचं बोलू या. आपल्याला काय हवंय?"

मी सगळी तयारी केलेली होती. ते नाकारतील, मग मी टेपचं काढीन, मग दूधवाल्याचं, मग शिपायाचं, एकेक पोतं ओढून काढल्यासारखं. मी म्हटलं, पालिकेत तक्रार कुणी केली, तेवढं सांगा.

"मी केली."

पहिल्या शब्दात. डोळ्याची पापणी हलली नाही. वर्षानुवर्षं ओढून धरलेली दोरी समोरच्यानं एकदम सोडून दिली की माणूस मागे पडतो, तसं झालं. मी चिडून विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीत?

"आपण विचारलं नाहीत. गल्लीला विचारलंत, दुकानदाराला विचारलंत, दूधवाला तर आम्हाला विचारून गेला की तुमचं उत्तर काय सांगू. माझ्या दारावर बेल आहे. ती आपण कधी वाजवली नाहीत."

ते हसत नव्हते. मी म्हटलं, भिंत माझ्या हद्दीत निघाली.

"निघाली. मोजण्यात आमची चूक झाली. आता सही कुठे करायची ते आपल्याला ठाऊक असेलच."

मला जे वाक्य हवं होतं ते मिळालं होतं, शिवाय चूकही कबूल झाली होती, न मागता. तरी सही करायला हात पुढे होईना. एवढं स्वस्त? मी म्हटलं, नळी माझ्या भिंतीवरून जाईल, पण रंग माझ्या भिंतीचा लागेल, मला ते पिवळं नको. साहेब म्हणाले, पिवळाच लागतो, तो नियम मी केलेला नाही. मी म्हटलं, मग खिडकीच्या खालून न्या, वरून नको. ते म्हणाले, खालून नेली तर आमच्या तुळशीला आड येईल. मी म्हटलं, तुळस तुमची, भिंत माझी. शेवटी तुळशीची कुंडी हातभर सरकली आणि नळी खिडकीखालून ठरली. सही करून झाल्यावर आम्ही दोघं तिथं उगाच उभे राहिलो. ते म्हणाले, बरंय. मी म्हटलं, बरंय.

काम झालं. चर खोदला, नळी जमिनीत गेली, चर बुजला. काँक्रीटचा पट्टा मी बुटानं ठोकून पाहिला आणि दोन ठिकाणी परत करायला लावला. बोळात पिवळी नळी माझ्या भिंतीवर बसली. मागे जिथं तिचे दोन फाटे होतात तिथं शेजारी शेजारी दोन कॉक बसले, पिवळ्या मुठीचे. डावा माझा, उजवा साहेबांचा. दोन्ही माझ्या भिंतीवर, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात पुरेल इतके जवळ. ते पाहून मला प्रथम गंमत वाटली आणि मग संशय आला. साहेबांनी नकाशा नक्की पाहिला असणार. मग आपल्या चुलीचा कान त्यांनी माझ्या हातात कसा दिला?

गॅस सोडायच्या दिवशी आक्का आली. सामान घेऊन नाही, बघायला. सुपरवायझरच्या माणसानं प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. आक्कानं त्याला प्रत्येक जोड पुन्हा करायला लावला. शेगडी पेटली. ती खाली वाकून ओट्याखाली बघून आली, मग खिडकीतून बोळात बघत राहिली.

"हा गॅस ठेवला कुठं हाये?"

मी सांगितलं, कुठंच नाही, रस्त्यातून येतो. बंद करायचा तर हा कॉक. आडवा केला की बंद. तिनं स्वतः खिडकीतून हात घालून मूठ आडवी केली. जाळ फुसफुसून विझला. सुपरवायझरच्या माणसानं लगेच सांगितलं, आजी, असं नाही, आधी शेगडीचं बटण बंद करायचं, मग कॉक. नाहीतर परत उघडल्यावर गॅस घरात पसरतो. तिनं ते तसंच्या तसं दोनदा करून दाखवलं. मग पहिली भाकरी टाकली. ती टम्म फुगली. आक्कानं ती मला दिली नाही, स्वतः खाल्ली, उभ्यानं, कोरडी. चार दिवसांत तिची पोती आली, सुतळीनं शिवलेली. त्यांत भांडी होती.

माझ्या मनात होतं, की गोष्ट इथं संपली. पण एका सकाळी बोळाकडच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर साहेब, बनियनवर, हातात लायटर.

"बारदानवाले, आमचा गॅस बंद आहे. दुधाचं पातेलं गार पडलंय. आपला चालू आहे?"

माझ्यामागे शेगडीवर चहा उकळत होता, ते त्यांना दिसत होतं. मी खिडकीतून पाहिलं. उजवी मूठ आडवी होती. मी हात लावला नव्हता. बायकोनं लावायचा प्रश्न नव्हता. मी मागे वळून आक्काकडे बघितलं. ती कणीक मळत होती आणि परातीतून मान वर करत नव्हती. तेव्हा मला उमगलं. रात्रीचं जेवण झाल्यावर आपला कॉक बंद केल्याशिवाय ती झोपत नव्हती, ते मला माहीत होतं. ती दोन्ही बंद करत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. याआधीच्या दिवसांत ती पहाटे उठून दोन्ही उघडत असणार. आज एक राहिला.

साहेबांनी मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत जे होतं ते मी चांगलं ओळखतो. ती माझीच नजर. या माणसानं सूड काढला, अशी. पण ते गल्लीत गेले नाहीत, दूधवाल्याला विचारलं नाही. तिथंच उभं राहून विचारलं.

"हा आपण बंद केलात?"

आक्काचे हात परातीत थांबले.

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्यांनी हातातला लायटर मुठीकडे केला. मग म्हणाले, "उघडा. शेगडीची बटणं बंद आहेत, मी पाहून आलोय." मी उघडला. ते गेले. त्यांच्या स्वयंपाकघरातून लायटरचा कट आवाज आला.

मी चहा तसाच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जे मी केलं नव्हतं ते मी किती सहज कबूल केलं होतं, पहिल्या शब्दात, पापणी न हलवता. आणि लगेच ती जुनी गोष्ट उलटी होऊन समोर आली. तक्रार मोबाईलमधल्या ॲपवरून झाली होती. साहेबांच्या हातात मी आजवर बटणांच्या जुन्या फोनशिवाय दुसरा फोन पाहिलेला नाही. ते पूर्वीही माझ्या लक्षात आलं होतं, पण केली असेल कुणाकडून तरी करवून, म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. त्या वर्षी त्यांचा मुलगा इथंच राहत होता. टेप म्हातारा धरायचा, पण तिचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? "मोजण्यात आमची चूक झाली," ते म्हणाले होते. मी केली, आणि चूक मात्र आमची.

आक्काला मी सांगितलं, त्यांचा कॉक त्यांचा, तू हात लावू नकोस. ती म्हणाली, नळी एकच आहे, अर्धी बंद करून काय झोप येणार?

त्याच संध्याकाळी आमची जेवणं झाली आणि खिडकीवर पुन्हा टकटक झाली. मी उठेपर्यंत आक्का पोचली होती. साहेब बोळात उभे राहून माझ्याशी नाही, तिच्याशी बोलत होते. "ताई, आमचं जेवण झालं. बटणं बंद केलीत. आता करा बंद." आक्कानं खिडकीतून हात घालून दोन्ही मुठी आडव्या केल्या. "सकाळी दूध आलं की हाक मारतो," ते म्हणाले. आता रोज असंच चालतं.

म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे, की कॉक मी बंद केला नव्हता. त्यांनी तसं कधी म्हटलेलं नाही. मीही त्यांना काही म्हटलेलं नाही.

साहेबांचा मुलगा अजून रविवारी येतो. बोळात उभा राहून फोनवर बोलतो आणि बोलता बोलता माझ्या भिंतीवरच्या नळीकडे पाहतो. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहतो. त्यांच्या दारावर बेल आहे, ती मला इथून दिसते. एखाद्या रविवारी जाऊन वाजवीन म्हणतो. पण त्याआधी गल्लीत जरा चौकशी करायला हवी.